नाकपुडी

यशोधननं गाडीला नवं नाक बसवलं.
लाल, शंकूसारखं, बारीक जाळीचं,
चौदा हजारांचं.
जुना काळा डबा माझ्या अंगणात ठेवला
पाण्याच्या टाकीमागे.
"आत्या, भंगारवाला आला की देऊन टाक."

डबा दिसायला ओबडधोबडच,
पण त्याला एक सोंड होती,
दिव्यामागून वळत वळत
पुढच्या जाळीपर्यंत पोचणारी.
मी काही बोलले नाही.
आयटीआयत एकतीस वर्षं पोरांना तापमान मोजायला शिकवलं,
घरात कोण विचारतं.

ज्येष्ठातली दुपार. लश्करच्या गल्ल्यांत
फक्त कूलर बोलत असतात.
किल्ल्याचा खडक रात्री दोनलाही
दिवसाचं ऊन परत करत बसतो,
उधारी फेडावी तसं, थोडं थोडं.

"ऐक आता," म्हणाला, आणि पाय दाबला.
वाघ गुरगुरला. समोरच्या शितोळ्यांचा कुत्रा
उठून दुसऱ्या सावलीत गेला.
"केवढी पळते!"
पळते कुठे रे, ओरडते.
हे मनातल्या मनात.

रविवारी मीच म्हटलं, चल, फिरवून आण.
पर्समध्ये जुना मीटर, दोन तारा.
एक आरशाला बांधली,
दुसरी बॉनेटखाली, लाल शंकूच्या तोंडाशी.
जयेंद्रगंज, फूलबाग.
पडावच्या पुलाखाली टेम्पो आडवा, आम्ही अडकलो.

बाहेर पंचेचाळीस.
आत एकोणसाठ.
चौसष्ट.
टेम्पोवाला उतरून भांडू लागला तेव्हा
एकाहत्तर.

"मीटर बिघडलाय."
"असेल," म्हणत मी तारा अदलाबदल केल्या.
आकड्यांनीही जागा बदलल्या.
मुरैना रोडला ऐंशीनं पळवली तरी
आतला आकडा चौपन्नाच्या खाली उतरेना.
तापलेली हवा विरळ असते, इंजिनाचं पोट भरत नाही,
एवढंच मी म्हटलं.
तो आकड्याकडे बघत होता,
प्रगतिपुस्तक बघावं तसा.

मला पौषातली थंडी आठवली.
याचा बाप आणि मी, एकाच गोधडीत
डोकं घालून पैज लावायचो.
आधी छान ऊब. मग स्वतःचाच श्वास
वापरून झालेला, ओलसर,
पुन्हा नाकाशी येऊन उभा राहायचा.
मी चाळिसाला तोंड बाहेर काढायची.
दादा एकोणनव्वदपर्यंत मोजायचा,
बीट झालेलं थोबाड घेऊन उगवायचा
आणि म्हणायचा, आत काही त्रास नव्हता.

ट्रान्सपोर्ट नगरात रामसेवक भेटला,
शहाऐंशीच्या बॅचचा, नापास होता होता वाचलेला.
बॉनेट उघडून हात आत घातला
आणि चटकन मागे घेतला.
"मॅडम, ये तो चूल्हे पे बैठ के हवा खा रही है."
मोडक्या कूलरचा पत्रा कापला,
इंजिन आणि शंकू यांच्यामध्ये
भिंत उभी केली, कडेला रबर.
मी पिशवीतून काळी सोंड काढली.
"दिली नाहीस भंगारात?"
"तो आलाच नाही," मी म्हटलं. तो दोनदा येऊन गेला होता.

परतताना, त्याच पुलाखाली,
अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. परत अठ्ठेचाळीस.
गाडी न कुरकुरता चढ चढली.
यशोधन घरापर्यंत गप्प.
फाटकाशी म्हणाला,
"आवाज गेला, आत्या."

गुरुवारी रात्री गल्लीत वाघ पुन्हा गुरगुरला.
सकाळी बघते तर पत्रा आणि सोंड
टाकीमागे, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली.
नीट ठेवली होती, हे मात्र खरं.

मी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं,
खिडकीची जाळी पुसली.
कूलर खोलीत नाही, खिडकीबाहेर बसवायचा असतो,
हे याच्या बापालाही
मीच सांगितलं होतं.